गाळ बसेपर्यंत

उन्हाळा चढत गेला तशी खाणीच्या तळाशी उरलेल्या डबक्याची कड रोज थोडी आत सरकत होती. सुरुवातीला हंडा वाकून भरता येई, मग गुडघे टेकावे लागले, आणि आता तर पोटावर पडून हात लांबवावा लागे. पाणी पिवळट, गढूळ. ते घरी आणायचं, पिंपात ओतायचं, झाकण ठेवायचं आणि सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाळ आपोआप खाली बसे. मग भोंग्याची बायको वरचं पाणी वाटीवाटीनं दुसऱ्या भांड्यात काढून घेई. तिचा हात त्या कामात इतका हलका होता की तळाला पत्ताही लागत नसे.

भोंगा हे तिच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. पूर्वी खाणीत सुरुंग उडवण्याआधी माणसं हटवायला तो ओरडे, आणि त्याच्या एका हाकेनं पलीकडच्या टेकडीवरची गुरंही माना वर करत. आता त्या कामावरचा माणूस पत्र्याचा डबा वाजवी. भोंगा शेडमध्ये बसून फरशा घडवी, आणि शेजारच्याला काही सांगायचं असेल तर हातोडीनं दगडावर टकटक करी. नाव मात्र चिकटून राहिलं होतं.

शेड म्हणजे लोखंडी खांब आणि वर पत्रा. सकाळी माणसं आत जाताना वेगवेगळी दिसत; कोणी काळा, कोणी उंच, कोणी नुकतं मिसरूड फुटलेला. दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या होत आणि सगळे एकाच वयाचे वाटत. छिन्नी दगडात शिरली की धूळ उडे ती लगेच खाली येत नसे. पत्र्यातल्या भोकांतून उन्हाच्या तिरप्या काठ्या आत आल्यासारख्या दिसत आणि धूळ त्यांच्यात सावकाश चढत राही.

नवा दगड समोर आला की भोंगा त्यावर आधी हातोडीच्या टोकानं ठोकून पाही आणि कान खाली नेई. दगड खणखणला तर पक्का. बद्द आवाज आला तर आत कुठंतरी भेग, मग वरून तो कितीही देखणा असो. ज्या दगडाला तो नाही म्हणे, त्याला मुकादमही हात लावत नसे. ठोकलेला दगड कसा वाजतो हे त्याच्या बायकोलाही आता कळू लागलं होतं. कपच्या वेचून पाटी डोक्यावर घेताघेता इतक्या वर्षांत तेवढं कानावर पडतंच.

खाणकामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या एका संस्थेच्या बाई दर आठवड्याला यायच्या. बारीक, चष्मेवाल्या, आणि बोलताना समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय असलेल्या. त्यांनी फुप्फुसांचं मोठं रंगीत चित्र आणलं तेव्हा हे कोणाचं म्हणून एकानं विचारलं. बाई म्हणाल्या, तुमचंच. त्यावर तो म्हणाला, आमचं एवढं गुलाबी नसणार. शेड हसली, बाईही हसल्या. मग त्यांनी छातीतला दम मोजायची, फुंकायची नळी काढली. तिच्यात जोरानं फुंकलं की काटा वर जाई. पुरुषांनी त्याची कुस्तीच केली; गाल फुगवून, मांडीवर थाप मारून फुंकू लागले. भोंग्याची पाळी आली. त्यानं फुंकलं. काटा जागचा जरासा हलला आणि परत बसला. माणसं आपापल्या छिन्नीकडे बघू लागली. नळी परत देताना भोंगा म्हणाला, "काटा गंजलाय वाटतं."

बाईंचं म्हणणं साधं होतं. दगड ओला करून घडवा, म्हणजे धूळ उडणार नाही. मुकादम म्हणाला, ओल्या दगडावर खडूची रेघ राहत नाही, माल वाकडा निघाला तर कोण भरून देणार. बायकांनी तर ते धुडकावूनच लावलं. पाणी आणायचं ते त्यांच्या डोक्यावरून. छिन्न्यांना धार लावणाऱ्या लोहाराची बायको, तिला सगळे लोहारीणच म्हणत, ती म्हणाली, "घोटभर पाण्यासाठी पोटावर पडतोय आम्ही, आणि या म्हणतात दगडाला पाजा."

बाईंनी नळी पिशवीत टाकली. चित्र गुंडाळून निघाल्या तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. शेडच्या मागे सावलीत भोंगा एका थंड फरशीवर पालथा पडला होता. त्याची बायको त्याच्या पाठीला तेल चोळत होती. चोळता चोळता ती थांबली, वाकली, आणि तिनं कान त्याच्या पाठीला लावला. खाली, मग मधे, मग खांद्याच्या हाडाजवळ. डोळे मिटलेले. बाई उभ्याच राहिल्या.

चाहूल लागल्यावर ती चटकन सरळ झाली आणि पदरानं गाल पुसू लागली. बाईंनी काय ऐकू येतं ते विचारलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "वाळलेल्या पानांवरून कोणीतरी दबकत चालतंय, तसं. आधी फक्त खाली होतं. आता खांद्यापर्यंत आलंय."

बाईंनी चष्मा काढला, मातीत गुडघे टेकले आणि दुसऱ्या बाजूनं कान लावला. बराच वेळ दोघी तशाच होत्या. मधे भोंगा म्हणाला, दोघी मिळून माझी उशी करताय की काय. पण हसता हसता त्याला खोकला आला आणि दोघींना उठावं लागलं.

पलीकडे त्याची आई खडी फोडत बसली होती. या सगळ्याकडे तिनं मान वळवून पाहिलंही नाही. बाईंनी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, सुनेला पाठीतलं ऐकायला मीच शिकवलं. सासऱ्यांचं शेवटपर्यंत ऐकलं, नवऱ्याचं ऐकलं. "आता या एकाचं मी ऐकणार नाही. मी त्याला जन्मल्यावर रडतानाच काय तो ऐकलाय, तेवढं पुरे."

पुढच्या खेपेला बाईंनी चित्र आणलं नाही. सुट्टीत बायकांना शेडमध्ये बोलावलं आणि भोंग्याच्या बायकोला पुढे केलं. तिला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. तिनं काही सांगितलंच नाही, फक्त करून दाखवलं. नवऱ्याच्या पाठीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, हात ठेवला, मग कान. बाकीच्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. लोहारीण म्हणाली, भर दिवसा नवऱ्याला मिठी मारायला लावणारी ही पहिलीच संस्था. पुरुष लाजून पाठ देईनात. शेवटी एकीनं आपल्या नवऱ्याला दंडाला धरून फिरवलं आणि मग एकेक करत सगळ्याच वाकल्या.

शेड गप्प झाली. इतकी, की पत्रा उन्हानं तडतडलेला ऐकू आला.

कोणाला काही नवं कळलं असं नव्हतं. रात्री शेजारी झोपणाऱ्या बाईला हे ठाऊक असतंच. पण ते आपल्याच घरातलं आहे, आपल्याच माणसाला थंडी बाधली आहे, असं प्रत्येकीनं धरलं होतं. आता डोकं वर काढल्यावर प्रत्येकीला दुसरीच्या तोंडावर तेच दिसलं. लोहारीण सगळ्यांत शेवटी उठली. तिनं लोहाराच्या पाठीवर एक चापट मारली.

"किती दिवस झाले याला?"

"काय किती दिवस?" लोहार म्हणाला. पण त्याला कळलं होतं.

त्या दिवसापासून पाण्याच्या खेपा सुरू झाल्या. सगळ्या बायका आल्या नाहीत. ज्या आल्या त्या घरच्या पाण्यानंतर एक जादा खेप शेडसाठी आणत. पाणी गढूळ असलं तरी दगडाला चालत होतं. खडूच्या रेघेचा प्रश्न भोंग्यानं सोडवला. खिळ्यानं ओरखडा काढायचा. मुकादमानं मालाला फूटपट्टी लावून पाहिली, फरक सापडला नाही, तेव्हा तो पाण्यापासून लांब जाऊन बसला. ओल्या दगडावर छिन्नी बसे तेव्हा धुळीऐवजी राखाडी चिखल हातावर येई. संध्याकाळी माणसांच्या भुवया काळ्याच राहू लागल्या. पण जादा खेपेनं बायकांच्या माना धरत. भोंग्याच्या बायकोला सकाळी मान वळवायला सबंध अंग वळवावं लागे.

लोहारीण मात्र हंडा घेऊन आली नाही. तिनं बाईंना सरळ विचारलं होतं: जे आत गेलंय ते पाण्यानं बाहेर येईल का? बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आत गेलेलं निघत नाही. नवं जाणार नाही, एवढंच. पुढच्या पोरांना ते व्हायचं नाही. लोहारणीला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, मग ज्यांची पोरं त्यांच्या माना. अर्ध्या बायका तिच्या मागे थांबल्या. त्यामुळे अर्धी शेड ओली आणि अर्धी कोरडी राही, आणि कोरड्या अर्ध्याची धूळ ओल्या अर्ध्यात येई.

भोंग्याच्या बायकोनंही बाईंचं ते उत्तर ऐकलं होतं. ऐकलं, आणि मनात कुठंतरी बाजूला ठेवून दिलं. रोज सकाळी पिंपाचं झाकण काढताना तिला दिसत असे की ढवळलं नाही, तर पाणी निवळतं. आत नवी माती पडली नाही की जुनी कधीतरी तळाशी बसतेच. माणसाचं अंग याहून वेगळं कशाला असेल?

बाईंनी आणखी एक गोष्ट सुरू केली. गावापासून दूर मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो निघे, आणि संस्थेच्या गाडीत एका वेळी थोडीच माणसं बसत. कोणाला आधी न्यायचं ते बाई आता बायकांना विचारून ठरवत. ज्याच्या पाठीत आवाज मोठा, तो आधी. बाईंचा या कानांवर विश्वास बसला होता. त्यांनी नळीनं मोजलेलं आणि बायकांनी ऐकलेलं सारखंच निघत होतं. येत्या खेपेला पहिलं नाव भोंग्याचं होतं.

गाडी यायच्या आदल्या दिवशी एक मोठी फरशी उलटताना भोंगा मधेच थांबला. उजव्या बरगडीवर हात दाबून खाली बसला. घाम फुटला होता. लचक भरली म्हणाला. थोड्या वेळानं उठून बसल्या बसल्या त्यानं ती फरशी पुरी केली, कडासुद्धा मारून सरळ केल्या.

संध्याकाळी बायकोनं लचकेवर तेल चोळायला घेतलं. सवयीनं तिचा कान खाली गेला. डाव्या बाजूला पानं होती तशीच वाजत होती. उजवीकडे काही नव्हतं. तिनं कान उचलला, पुसला, परत लावला. खाली नाही, मधे नाही, खांद्यापाशी नाही. सगळं शांत.

तरी खात्री करावी म्हणून तिनं जे नवऱ्याला आयुष्यभर दगडाशी करताना पाहिलं होतं ते केलं. बोटं मुडपून त्याच्या पाठीवर ठोकलं. डावीकडे बद्द. उजवीकडे स्वच्छ, पोकळ, खणखणीत आवाज आला.

"काय करतेस?" त्यानं विचारलं.

"पक्का वाजताय तुम्ही. या बाजूनं."

तो दमानं म्हणाला, मग या बाजूचा माल तरी पाठवायला हरकत नाही. त्याचा श्वास आखूड चालला होता, पण दिवसही तसाच तापलेला होता, आणि लचक भरलेला माणूस पूर्ण श्वास घेत नाही हे कोणीही सांगेल. ती आत सासूकडे गेली. "आई, गाळ बसला," म्हणाली. म्हातारीनं हातातलं काम ठेवलं आणि सुनेकडे पाहत राहिली. नवऱ्याचा आवाज शेवटपर्यंत चढतच गेलेला तिनं ऐकला होता. आवाज बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. ती उठली, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि कान न लावताच परत जागेवर येऊन बसली.

ही बातमी वस्तीत फिरायला कितीसा वेळ लागणार? सकाळी डबक्यावर भोंग्याची बायको पोहोचली तेव्हा लोहारीण हंडा घेऊन तिच्या आधी उभी होती. मागे थांबलेल्या बाकीच्याही होत्या. लोहारीण तिच्याकडे न बघता म्हणाली, "उगाच खूश होऊ नकोस वहिनी. तुझ्या शेडसाठी नाही आले. माझ्या म्हाताऱ्याचा पण बसतो का ते बघायचंय." त्या दिवशी पहिल्यांदा शेडमधला प्रत्येक दगड ओला झाला.

गाडी आली. बाई दवाखान्यात पुढे गेल्या होत्या, गाडीबरोबर फक्त ड्रायव्हर होता. भोंगा दाराशी खांबाला टेकून बसला होता, मला काही चढवत नाही, म्हणाला. त्याच्या बायकोनं विचार केला. उजवी बाजू निवळलीच आहे, डावीही निवळेल. जाऊन येऊन दिवसभराचे हादरे, आणि हादऱ्यानं बसलेला गाळ पुन्हा उठला तर? ती लोहाराकडे गेली आणि आमच्या जागी तुम्ही बसा म्हणाली. लोहार नको नको करत होता. लोहारणीनंच त्याला ढकलून आत बसवलं. गाडी धूळ उडवत गेली. भोंग्याची बायको आपण कोणाला तरी काहीतरी देऊ शकलो या समाधानात घरी आली.

दुपारी तो आडवा होईना. आडवा झाला की उठून बसे. गुडघ्यांवर हात टेकून, मान पुढे काढून बसला होता, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. ओठ ओल्या दगडी पाटीच्या रंगाचे झाले होते. ती वारा घालत होती. मधूनमधून कान लावत होती. उजवीकडे तीच शांतता. ती स्वतःला सांगत राहिली, इथं तर काही नाही, मग हे काय आहे.

ऊन कलायच्या सुमाराला गाडी परत आली. एवढ्या लवकर ती कधी येत नसे. बाई ड्रायव्हरच्या शेजारून उतरल्या आणि धावत आल्या. लोहारानं त्यांना दवाखान्यात आनंदानं सांगितलं होतं की भोंग्याचा आवाज बसला, म्हणून मला जागा मिळाली. आणि बाईंनी त्याला फोटोच्या रांगेत सोडून गाडी माघारी फिरवली होती.

"कोणती बाजू?" त्यांनी विचारलं.

तिनं दाखवली. तोपर्यंत तिच्या बोटात थोडा अभिमान उरला होता. बाईंनी कान लावला, बोटांनी ठोकलं, तोच खणखणीत आवाज आला, आणि बाईंचा चेहरा पाहून ती समजली. बाईंनी सांगितलं ते तिनं पुढे कधीतरी नीट ऐकलं: फुप्फुस फाटून मिटलं होतं, आणि वारा त्याच्या बाहेर, छातीच्या पोकळीत भरत होता. रिकाम्या हंड्यासारखं. हंडाही रिकामा असला की असाच वाजतो, हे तिला माहीत होतं. रोज हातात असायचा तो.

गाडीत तो तिच्या अंगावर पुढून रेलला होता. तिचे हात त्याच्या पाठीमागे, गाल त्याच्या खांद्यावर. कान लावायचा तिनं ठरवलं नव्हतं, तो आपोआप लागला होता. डाव्या बाजूला पानं वाजत होती. वाट खडबडीत होती. पहिल्यांदाच तिला वाटत होतं, हा आवाज असाच राहू दे, वाढू दे हवा तेवढा. डांबरी रस्ता लागायच्या आधी कधीतरी तो थांबला. तिनं कोणाला सांगितलं नाही. गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली आणि बाईंनी वळून पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं.

नंतरचे काही दिवस ती घराबाहेर पडली नाही. पिंपातलं पाणी सासू काढे. तिचा हात जड होता, गाळ येई, दोघी तसंच पीत. लोहाराच्या फोटोत वेगळंच निघालं होतं, गोळ्यांनी बरं होण्याजोगं. लोहारीण रोज दाराशी हंडाभर पाणी ठेवून जाई. आत येत नसे.

बाई आल्या त्या तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "ज्याचा आवाज मोठा तो आधी, हे मी ठरवलं होतं. आवाज नसला तर काय, ते मला माहीत होतं. मी ते तुम्हाला सांगितलं नाही." आणखी एक गोष्ट त्यांना बोलवत नव्हती, ती त्या अडखळत बोलल्या. बायका अजून गाळ बसल्याच्या बातमीवरच पाणी वाहत होत्या. वस्तीत लोक म्हणत होते, भोंगा लचकेनं गेला, छाती तर सुधारली होती. खरं सांगितलं तर कदाचित कानांवरचा विश्वास जाईल, खेपा थांबतील. सांगावं की नाही, ते बाईंनी तिच्यावर सोडलं.

तिनं विचारलं, आणखी कोणाला असं होऊ शकतं का. बाई हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती शेडमध्ये गेली. भोंग्याच्या जागेवर त्याची शेवटची फरशी तशीच पडून होती. ती न्यायला मुकादमाचा हात धजावला नव्हता. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्यावरही थोडं पाणी ओतून जात असावी. ती ओली होती. बायका जमल्या. तिनं सगळं सांगितलं, थोडक्यात. गाळ बसला नव्हता. मी चुकले. आवाज आला तर घाबरायचं, आणि आवाज येता येता एका बाजूला थांबला तर तिथंच गाडी बोलवायची, हंडा डोक्यावर असला तर तिथंच टाकायचा.

लोहारणीनं विचारलं, पण काही नसणं ऐकायचं कसं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

भोंग्याच्या बायकोनं फरशीकडे पाहिलं. ती खाली बसली आणि कान दगडावर ठेवला. मग बाजूला सरकून लोहारणीला जागा करून दिली. "असं," ती म्हणाली. "असं मुकं लागलं की हंडा टाकायचा."

लोहारीण वाकली. तिच्यानंतर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक बाई कान टेकी, डोळे मिटी, आणि गालावर ओला राखाडी डाग घेऊन उठे. पलीकडे पुरुष छिन्न्या खाली ठेवून उभे होते.

शेवटी म्हातारी आली. खडीच्या ढिगापासून तिथंवर यायला तिला वेळ लागला. सुनेच्या खांद्याला धरून ती खाली बसली, पदर मागे सारला, आणि मुलानं कडा मारलेल्या त्या दगडावर कान ठेवला. सुट्टी संपल्याचा डबा वाजला. माणसं आपापल्या जागी गेली, बायकांनी रिकामे हंडे उचलले. सून हलकेच म्हणाली, आई, उठा, दगड ओला आहे. म्हातारीनं हात वर करून तिला गप्प केलं आणि दुसऱ्या कानावर तळहात दाबला.